आबांनी दाखवलेली दाढ

बारामतीत भिगवण रस्त्याला डॉक्टर स्वरदाचा दातांचा दवाखाना आहे, आणि तो नुसता चालत नाही, पाटाच्या पाण्यावरच्या उसासारखा वाढतो आहे. एका खुर्चीच्या तीन खुर्च्या झाल्या. तुळशीचं लग्न लागलं की नवऱ्यामुली दात पांढरे करून घ्यायला येतात, उसाचं बिल आलं की त्यांच्या आज्ज्या कवळीचं माप द्यायला येतात. अमावस्येला मात्र दाढ काढून घ्यायला काळं कुत्रंही फिरकत नाही. म्हणून त्या दिवशी स्वरदा यंत्रं उघडून साफ करून घेते. चार मोठ्या शहरांत शिकून आलेल्या डॉक्टरांना हे कळायला दोन-तीन वर्षं लागतात. तिला ते पहिल्या वर्षीच कळलं.

तिचा नवरा निहार दाताला हात न लावता दवाखाना सांभाळतो. तो म्हणायचा, इथे पेशंट एकटा येत नाही. एक दाढ न दुखवता काढलीस, की मागून आख्खी भावकी येते. ते खरंच होतं. पिंपळीच्या एका मुकादमाची दाढ तिनं बोलता बोलता काढली, तर पुढच्या महिनाभर पिंपळीची अर्धी आळी बाकावर येऊन बसली होती. ‘बाईचा हात हलका हाय’ एवढ्या एका वाक्यावर तिचं सगळं उभं होतं. आणि वाक्यच ते. त्याला ना कुंपण, ना कुलूप. उलटायला वेळ लागत नाही, ही धाकधूक भरल्या दवाखान्यातही तिला सदा असायची.

दिवाळीनंतर तिनं इंदापुरात दुसरा दवाखाना घातला. जागा डाळजच्या हिंदुरावांची. हिंदुराव म्हणजे आबा. बागायतदार माणूस, साखर कारखान्याचे जुने सभासद. पंचक्रोशीत कुणाच्या सोयरिकीचं अडलं तर आबांच्या पडवीत सुटायचं. इंदापुरातला त्यांचा गाळा त्यांनी रास्त भाड्यानं दिला, वर उद्घाटनाला फेटा बांधून आले आणि जमलेल्यांना म्हणाले, दवाखाना माझाच समजा, दात मात्र तुमचे आणा. माणसं हसली, आणि दुसऱ्या आठवड्यापासून खरंच यायला लागली. स्वरदा मंगळवारी आणि शुक्रवारी तिकडे जायची. बाकीचे दिवस बारामती.

अशाच एका बुधवारी दुपारी बारामतीच्या दवाखान्यात बाक भरलेला असताना रणजितचा फोन आला. रणजित आबांचा धाकटा मुलगा, लोणी देवकरच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारा. मागच्या शुक्रवारी त्याच्या बायकोची, निकिताची दाढ स्वरदानं इंदापुरात काढली होती.

तो घाबरत घाबरत बोलत होता. निकिताचा गाल सुजलाय, तो तर सुजणारच म्हणून चार दिवस गप्प बसलो, पण सकाळपासून सूज हनुवटीखाली आलीय. तोंड उघडत नाही. चहा घशाखाली उतरत नाही.

“कुठली बाजू?” स्वरदानं विचारलं.

“उजवी.”

तिनं हातातला छोटा आरसा ट्रेमध्ये ठेवला. कागद बघायची गरज नव्हती. हात विसरत नाही. शुक्रवारी तिचा अंगठा निकिताच्या डाव्या गालात रुतलेला होता.

“तिला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात घेऊन निघा,” ती म्हणाली. “माझी वाट बघू नका.”

रणजित घुटमळला. मग म्हणाला, आबा नको म्हणत्यात. दाढ तुमच्याकडं काढली, आता दुसऱ्या डॉक्टरकडं नेली तर लोक म्हणतील आबांच्या गाळ्यातल्या डॉक्टरणीनं बिघडवली. आबा म्हणत्यात, बाईंच्या नावाला बट्टा लागंल असं आपल्या घरातनं काय व्हायला नको.

ज्या नावासाठी ती रात्री कूस बदलायची, तेच नाव आज डाळजच्या एका घरात दारावर आडवं पडलं होतं, आणि आत एक पोरगी गळा धरून बसली होती.

“मीच येते,” ती म्हणाली. “तिला आडवं निजवू नका. बसवून ठेवा. आणि शेक देऊ नका.”

“आईनं मिठाची पुरचुंडी धरलीय तव्यावर.”

“ती खाली ठेवायला सांगा. आधी ते सांगा.”

खुर्चीत बसलेल्या नवरीमुलीची माफी मागून तिनं हातमोजे काढले. निहार दारात आला. तिनं त्याला सांगितलं, आणि सांगता सांगता शुक्रवार तिच्यासमोर पुन्हा उभा राहिला.

शुक्रवारी निकिता एकटी आलेली नव्हती. आबा बरोबर होते. बारामतीला स्वरदाचा शिरस्ता होता, की पेशंटच्या हातात आरसा द्यायचा, बरोबरची माणसं बाहेर काढायची, आणि ज्याचं दुखतं त्यानं स्वतः बोट ठेवायचं. पण जागेच्या मालकाला, आणि आबांसारख्या माणसाला, ‘बाहेर बसा’ कसं म्हणायचं? त्यांनी स्टूल ओढून खुर्चीसमोरच बैठक मारली होती. निकितानं डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि ती गप्प झाली. सासऱ्यासमोर तोंड उघडायचं, तेही जबडा पसरून, हेच तिला मरणाचं होतं. त्यात आणि बोलायचं कुठून? मग आबाच बोलले. पोरगी आठ दिस गाल धरून हिंडतीया, ही दाढ हाय, खालची. आणि त्यांनी स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवलं.

स्वरदानं डावीकडे पाहिलं. तिथे दाढ होतीच किडलेली, काळी, खोल. डाव्या बाजूचाच एक्स-रे काढला. आरशाच्या दांडीनं ठोकून पाहिलं तेव्हा निकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भीतीचं आहे की दुखण्याचं, हे स्वरदानं विचारलं नाही. ‘हीच ना?’ एवढं विचारलं. पदर हलला. ही दाढ वाचेल, तीन-चार वेळा यावं लागेल, असं तिनं सांगितलं, तर आबा म्हणाले, ऊसतोड लागलीय, रोज कोण आणणार, काढून टाका. बाहेर माणसं खोळंबली होती. तिनं काढून टाकली.

उजवीकडे तिनं पाहिलंच नाही.

निहारनं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. पण दवाखाना त्यानं विटेवर वीट ठेवून उभा केला होता, आणि भिंत हलली की गवंड्याचा हात आधी भिंतीकडे जातो. तो हळूच म्हणाला, “डावी दाढही किडलेलीच होती ना? मग चुकीची कशी? म्हणायचं, दोन्ही बाजूंना होतं, एक काढली, तोवर दुसरी उठली. हे खोटं नाही, स्वरू.”

खोटं नव्हतंच. हीच तर भीती होती. इतकं सोपं, इतकं खऱ्यासारखं वाक्य तिच्या ओठापाशी आणून ठेवलेलं होतं.

गाडी तिनं स्वतः घेतली. मदनवाडीपर्यंत उसाच्या ट्रॉल्या पुढे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, वर वाढ्यांचे हिरवे शेंडे डुलताहेत, आणि ट्रॅक्टरवाला गाणी लावून आपल्या तंद्रीत. रस्त्याला दोन्ही बाजूंनी सांडलेली कांडकी. स्वरदा हॉर्न वाजवत होती आणि दात आवळत होती. आपण दात आवळतोय हे तिच्या लक्षात आलं आणि तरी ते सुटेनात. सूज गालात असते तोवर दुखणं असतं. ती जबड्याखालून गळ्यात उतरली की श्वासाची वाट आवळते, आणि मग घटका हाताशी राहत नाही. हे पुस्तकात वाचलेलं वाक्य. बाकीचं वाक्य निहारचं. दोन्ही वाक्यं आळीपाळीनं येत होती, जात्याच्या दोन दगडांसारखी, मध्ये ती. भिगवण मागे पडलं, हायवे लागला, आणि तिला वाटलं, डाळज आणखी थोडं लांब असतं तर बरं झालं असतं. मग या वाटण्याचीच तिला लाज वाटली.

पडवीत आबा उभे होते. येवढ्यासाठी बाईंनी कशाला त्रास घेतला, दाढ काढली की सूज यायचीच, असं म्हणत त्यांनी पाणी मागवलं. आत माजघरात भिंतीला टेकून निकिता बसली होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती, कारण गिळायचीच भीती. शेजारी तिची सासू मुक्ताबाई, पुरचुंडी बाजूला ठेवून पदरानं सुनेला वारा घालत होती. म्हाताऱ्या बाईची जीभ घाबरली की गाण्याकडे वळायची. ती स्वतःशीच पुटपुटत होती,

बत्तीस पहारेकरी, मधी जीभ ही एकली
लेक सासरी नांदती, तशी दातांत राखली

स्वरदा गुडघ्यांवर बसली. हनुवटीखाली बोटं लावली. कडक होतं, गरम होतं, पण अजून गळ्याच्या मध्यावर आलेलं नव्हतं. श्वास चालू होता. तिनं स्वतःचा श्वास सोडला.

आबा मागे येऊन उभे राहिले होते, हात पाठीशी बांधून.

“आबा, जरा बाहेर थांबता?”

हे वाक्य त्या घरात कुणी आबांना कधी म्हटलेलं नव्हतं. ते म्हणाले, “माझ्यापासनं काय लपवायचंय तिला?”

“लपवायचं न्हाय वो, बोलायचं हाय,” मुक्ताबाई वर न बघता म्हणाली. “तुमी हितं खांबावानी हुबं ऱ्हायल्यावर ती काय बोलंल? व्हा भाईर.”

आबा गेले. चपला न घालताच गेले.

“कुठं दुखतंय, ते बोटानं दाखव,” स्वरदा म्हणाली.

निकिताचं तोंड बोटभरही उघडत नव्हतं. तिनं बाहेरूनच दाखवलं. उजवीकडे, खालच्या दाढेपाशी.

“पहिल्यापासून इथंच?”

मान हलली. या वेळी पदर डोक्यावर नव्हता, त्यामुळे मान हलली हे स्पष्ट दिसलं.

“मग शुक्रवारी सांगितलं का नाहीस गं?”

निकिता तोंडातल्या तोंडात, लाळ सावरत बोलली. “आबा बसले होते. आणि तुम्ही डॉक्टर. मला वाटलं, दुखतंय इकडं तरी मुळं तिकडनं येत असतील.”

मुक्ताबाईनं डोळे मिटले. स्वरदाला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. बी.कॉम. झालेली मुलगी, आणि तिनं आपल्यावर इतका भरवसा टाकला, की स्वतःच्या दुखण्यावरचा तिचा भरवसा उडाला. या भरवशाच्या तीन खुर्च्या आपण बारामतीत मांडल्या आहेत, आणि चौथी इंदापुरात.

ती उठून पडवीत आली. रणजित गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता, पण बापाच्या तोंडाकडे बघत. शेजारची दोन माणसं येऊन टेकली होती. निहारचं वाक्य अजून ओठापाशी होतं. दोन्ही बाजूंना होतं, एक काढली, दुसरी उठली. ते म्हटलं असतं तर आबांची मान ताठ राहिली असती, तिचीही. आणि आबा म्हणाले असते, मग हितंच औषध द्या, दुसरीकडं कशाला?

“आबा, मी चुकीची दाढ काढली,” ती म्हणाली.

टेकलेल्या माणसांपैकी एकानं तंबाखू मळायचं थांबवलं.

“दुखत होती उजवी. काढली डावी. उजवीतला पू आता गळ्याकडे निघालाय. हे माझ्या दवाखान्यात होण्यासारखं काम नाही. तिला बारामतीला जबड्याच्या सर्जनकडे न्यायचं आहे, आत्ता. माझ्या नावाचा विचार करून तिला इथं ठेवू नका.”

आबांनी खाली आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग म्हणाले, “दाखवली म्या व्हती.”

“दाखवली तुम्ही, काढली मी. तिला विचारायचं काम माझं होतं.”

पण आबांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते आत गेले, निकितासमोर उभे राहिले, आणि शुक्रवारसारखंच त्यांचं बोट स्वतःच्या डाव्या गालावर गेलं. सुनेचा सुजलेला गाल त्याच्या अगदी समोर होता, आरशात असावा तसा. मग ते दोन पावलं फिरून तिच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. बोट तिथून उचललं. ते आता स्वतःच्या उजव्या गालावर गेलं.

“समोरनं बघितलं म्या तिला,” ते म्हणाले. “जल्मभर समद्यास्नी समोरनंच बघितलं.”

मग बाहेर येऊन रणजितवर ओरडले, की किल्ली काय वाजवत बसलायस, गाडी काढ.

स्वरदाची गाडी तिथंच राहिली. रणजितच्या गाडीत मागच्या सीटवर मधे निकिता, एका बाजूला मुक्ताबाई, एका बाजूला स्वरदा. आबा पुढे. स्वरदानं सर्जनला फोन लावून सगळं सांगितलं, आपली चूकसुद्धा, आणि ते सांगताना आबांच्या कानाची पाळी तेवढी हलली. वाटेत ट्रॉल्या होत्याच. दर थोड्या वेळानं ती निकिताला बोलायला लावत होती, आवाज घोगरा होतोय का ते ऐकायला. काय बोलू, असं निकितानं विचारलं. काहीही, असं स्वरदा म्हणाली. तेव्हा ती पोरगी, सासऱ्याच्या पाठीमागे बसून, अडखळत अडखळत बोलू लागली. माहेरच्या शेळीचं बोलली. रणजित मोबाईलवर किती वेळ असतो ते बोलली. एकदा म्हणाली, “आबा, काच थोडी वर घ्या. वारं लागतंय.” आबांनी काच वर घेतली. मुक्ताबाई खिडकीबाहेर बघत ओठ दाबून बसली, पण गालाला खळी पडायची ती पडलीच.

बारामतीच्या मोठ्या रुग्णालयात तिला लगेच आत नेलं. मग बाहेरचा बाक. रणजित औषधं आणायला पळाला. मुक्ताबाई दाराशी जाऊन बसली ती हलेना. स्वरदा आणि आबा बाकाच्या दोन टोकांना, मधे दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून. निहारचे फोन येत होते. तिनं एवढंच कळवलं, की खरं सांगितलं, आत नेलंय. त्याचं उत्तर आलं, की इंदापूरच्या शुक्रवारच्या वेळा ठेवू की रद्द करू? तिनं मोबाईल पालथा ठेवला. तेही आज तिच्या हातात नव्हतं.

सर्जन बाहेर आले. पू काढलाय, दाढही काढलीय, श्वासाला धोका नाही असं आत्ता वाटतंय. पण आजची रात्र इथं राहू द्या, गळ्यावर नजर ठेवावी लागेल. आत्ता वाटतंय, एवढंच. स्वरदाला त्यांच्या प्रत्येक शब्दाचं वजन माहीत होतं. तिनं स्वतः किती जणांना असं तोलून मापून सांगितलं होतं.

तेवढ्यात आबांचा फोन वाजला. कानाला कमी ऐकू यायचं म्हणून ते मोबाईल स्पीकरवर टाकून, तोंडासमोर धरून, मोठ्या आवाजात बोलायचे. पलीकडे मोहनराव, डाळजचेच. पडवीतली माणसं गावात पोचली होती तर. सूनबाई कशी हाय, आणि ते डॉक्टरणीचं काय ऐकतोय ते खरं का, असं मोहनराव विचारत होते. गेल्या दिवाळीपासून इंदापुरात जे काही उभं राहिलं होतं, ते सगळं आता या म्हाताऱ्याच्या तोंडात होतं.

“खरं हाय,” आबा म्हणाले. “बाईंनी चुकीची दाढ काढली. दाखवली म्या.”

मग मोहनराव म्हणाले, “आता कसं वो? आईची कवळी हाय ना शुक्रवारी. माप द्यायला आणू, का दुसरीकडं बघू?”

आबांनी मोबाईल खाली घेतला. हळू बोलायची सवय नसलेला माणूस जितकं हळू बोलेल तितक्या हळू म्हणाले, “काय सांगू? न्या म्हणलो तर आईकत्याल. नको म्हणलो तरीबी आईकत्याल.”

स्वरदाला माहीत होतं. आबांचं एक ‘न्या’ म्हणजे एक भावकी. ‘न्या म्हणा’ असं ओठापाशी आलं होतं. तिनं बाकावरची मधली जागा ओलांडली आणि हात पुढे करून मोबाईल घेतला.

“मोहनराव, मी स्वरदा बोलतेय. आई जवळ आहेत का? जरा त्यांना द्या.”

“आईला? आईला काय ईचारायचंय? म्या सांगतो की समदं.”

“त्यांनाच द्या.”

खुडबुड झाली. कुणीतरी ‘आगं डॉक्टरीण हाय, बोल’ म्हणून दटावलं. मग एक दात नसलेला, मऊ, भिजलेल्या भाकरीसारखा आवाज आला, कोण गं म्हणून. स्वरदानं आपलं नाव सांगितलं. मग म्हणाली, “आजी, तुम्हाला कवळी हवीय का?”

आबाही मान वाकडी करून ऐकत होते.

“न्हाय गं माय,” म्हातारी म्हणाली. “मला काय करायचीय? माझ्या हिरड्या घट्ट झाल्यात, भाकर कुस्करून चांगली खाते मी. पोराला लाज वाटती, नातीच्या लग्नात आईचं तोंड बोळकं दिसंल म्हून. तू त्याला सांगशील का? माझं न्हाय आईकत.”

“सांगते,” स्वरदा म्हणाली. “पण आधी तुम्ही सांगा. मी ऐकतेय. त्यांच्यासमोरच सांगा.”